पीएचवरून वीक ॲसिडचा केए काढताना एक्स वजा करायचा की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ०.१ मोलार ॲसेटिक ॲसिडचा पीएच मोजला तर २.८८ आला. विचारणाऱ्याने शॉर्टकट मारून केए (ॲसिड किती तुटतं ते सांगणारा कॉन्स्टंट) काढला तो १.७४ × १०^-५, लॅब पार्टनरने खाली सी मधून एक्स वजा केला तर १.७६ × १०^-५, आणि पुस्तकात छापलाय १.८ × १०^-५. मग दोघांनी तेच सोल्युशन शंभर पट पातळ करून बघितलं, पीएच आला ३.९०, आणि आता त्याच शॉर्टकटने केए निघाला १.५८ × १०^-५. तर "केए कॉन्स्टंट असतो म्हणतात, मग नुसतं पाणी घातल्यावर कमी कसा झाला, जर्नलमध्ये यातलं नक्की कोणतं उत्तर लिहू, आणि कुठल्याही ॲसिडला हे चालेल का?"

मी बरीच वर्षं प्रॅक्टिकल्स घेते आणि हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी घेऊन येतंच. यात खरं तर दोन प्रश्नांचा गुंता झालाय. एक गणिताचा, की एक्स वजा करायचा का. दुसरा मोजण्याचा, की आलेल्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा. पोरं पहिल्यावर तासभर वाद घालतात आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि बहुतेक वेळा खरी गडबड दुसऱ्यातच असते. पण आधी पहिला उरकून टाकू, कारण तो सोपा आहे.

वीक ॲसिड पाण्यात टाकलं की त्याचे थोडेसेच रेणू तुटतात, आणि एक रेणू तुटला की एक एच+ आणि एक ॲसिटेट अशी जोडी सुटी होते. म्हणजे पाण्यात जेवढे एच+ तेवढेच ॲसिटेट, आणि न तुटलेलं ॲसिड म्हणजे टाकलेल्यातून तेवढे वजा. टाकलेलं कॉन्सन्ट्रेशन सी धरा, आणि पीएचवरून मिळालेलं एच+ चं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे १०^-पीएच, ते एक्स धरा, की

केए = एक्स × एक्स ÷ (सी − एक्स)

बस, एवढंच आहे. तुमच्या आकड्यांनी करून बघा. पीएच २.८८ म्हणजे एक्स = १०^-२.८८ = ०.००१३१८. वर्ग १.७३८ × १०^-६. खाली ०.१ − ०.००१३१८ = ०.०९८६८. भागाकार १.७६ × १०^-५. पार्टनरचं उत्तर.

आता तुमचा शॉर्टकट, म्हणजे खाली सी − एक्स च्या जागी नुसता सी. हा शॉर्टकट आला कुठून हे कोणी सांगत नाही म्हणून घोळ होतो. तो उलट्या गणितासाठी आहे. केए दिलाय, सी दिलाय, पीएच काढा, असं गणित असलं की एक्स माहीत नसतो आणि वर्गसमीकरण सोडवावं लागतं, तो त्रास वाचवायला खालचा एक्स सोडून देतात. पण तुम्ही पीएच मोजून बसलाय, एक्स तुमच्या हातात आहे, वर्गसमीकरण कुठे आहेच कुठे? एक वजाबाकी करायचीये फक्त. कॅल्क्युलेटरची चार बटणं वाचवायला उत्तर चुकवण्यात काय अर्थ आहे. म्हणून माझं साधं म्हणणं आहे की पीएचवरून केए काढताना एक्स कायम वजा करा, पाच टक्क्यांचा नियम (पाच टक्क्यांपेक्षा कमी तुटलं तर एक्स सोडून द्या) बियम बघत बसू नका, तो नियम या दिशेला लागतच नाही.

तरी शॉर्टकट किती चुकतो हे कळायला हवं, कारण पाणी घातल्यावर केए कमी कसा झाला याचं उत्तर तिथेच आहे. ॲसिडचा जेवढा हिस्सा तुटला त्याला अल्फा म्हणतात, म्हणजे एक्स ÷ सी. वरच्या सूत्रात जरा हलवाहलव केली तर दिसतं की शॉर्टकटचं उत्तर म्हणजे खरा केए गुणिले (१ − अल्फा). म्हणजे जितके टक्के ॲसिड तुटलंय, बरोब्बर तितके टक्के शॉर्टकटचं उत्तर कमी येणार. ०.१ मोलारला अल्फा १.३ टक्के, म्हणून १.७६ च्या जागी १.७४. कोणाला फरक पडत नाही.

आता पातळ केलेलं घ्या. सी = ०.००१, पीएच ३.९०, एक्स = १.२५९ × १०^-४. अल्फा झाला १२.६ टक्के. बघा, सी शंभर पट कमी झाला पण एक्स दहा पटच कमी झाला, म्हणजे तुटलेल्यांचं प्रमाण जवळपास दहा पट वाढलं. आता एवढे रेणू तुटलेले असताना "खाली सगळं न तुटलेलंच आहे" असं धरणं म्हणजे डोळे मिटून घेणं. वजा करून बघा, १.५८५ × १०^-८ ÷ ०.०००८७४ = १.८१ × १०^-५. आणि शॉर्टकटचा १.५८ हा त्याहून १२.६ टक्क्यांनी कमी. केए जागचा हलला नव्हता.

जाता जाता, तुम्ही दोघांनी नकळत जे केलंत ते ओस्टवाल्ड या केमिस्टने १८८८ मध्ये केलं होतं. ॲसिड पातळ पातळ करत न्यायचं, दर वेळी किती तुटलं ते काढायचं, आणि अल्फा² × सी ÷ (१ − अल्फा) हा आकडा तसाच राहतो हे दाखवायचं. त्याच्याकडे पीएच मीटर नव्हता, पीएच हा शब्दसुद्धा नव्हता, तो सोरेनसन या डॅनिश केमिस्टने १९०९ मध्ये आणला. ओस्टवाल्ड विजेची कंडक्टिव्हिटी मोजून अल्फा काढायचा. सूत्र मात्र हेच, अल्फाच्या जागी एक्स ÷ सी टाका की वरचंच सूत्र पडतं.

तर गणिताचा भाग संपला, आता मोजण्याचा.

तुमच्याकडे वजा करून दोन उत्तरं आली, १.७६ आणि १.८१. आता तुम्ही विचाराल की हे तरी सारखं का नाही. तर सूत्रात एक्सचा वर्ग आहे हे लक्षात घ्या. पीएच मीटरचा शेवटचा आकडा एकाने हलला, २.८८ चं २.८७ झालं, तर एक्स सव्वादोन अडीच टक्क्यांनी बदलतो आणि केए जवळपास पाच टक्क्यांनी. म्हणजे २.८७ ला केए येतो १.८४ आणि २.८९ ला १.६८. एका शेवटच्या आकड्याची ही किंमत. आणि साधा लॅबमधला मीटर ०.०२ इकडे तिकडे दाखवतोच, तिथे दहा टक्के गेले. ०.०५ चा फरक असला तर पंचवीस टक्क्यांच्या वर. पीएच पेपर वापरला आणि अर्धा युनिट चुकलं तर केए दहा पटीने चुकतो, दहा टक्क्यांनी नाही, दहा पटीने, म्हणून पीएच पेपरवरून केए काढायला कोणी सांगितलं तर फक्त घातांक लिहा आणि पुढचा आकडा सोडून द्या.

म्हणजे तुमचा आणि पार्टनरचा १.७४ की १.७६ हा वाद सव्वा टक्क्याचा होता आणि तुमच्या मीटरच्या शेवटच्या आकड्यातच पाच टक्के लपलेत. आणि १.७६ की १.८१ हा फरक तीन टक्क्यांचा, तोही त्याच्या आतच. तिन्ही, म्हणजे पुस्तकातलाही धरून, एकच उत्तर आहे.

यावरूनच आकडे किती लिहायचे तेही ठरतं. पीएचमध्ये पॉइंटच्या पुढचे आकडेच खरे मोजमापाचे असतात, पॉइंटच्या मागचा २ हा नुसता घातांक सांगतो. २.८८ मध्ये असे दोन आकडे, म्हणून केए मध्येही दोनच, १.८ × १०^-५. कोणी १.७६१२ लिहून आणलं की मी लाल पेनने शेवटचे तीन आकडे कापून १.८ करते. पण मधल्या पायरीवर राउंड करू नका हं, हे उलटं टोक. एक्स ०.००१३ असा धरून पुढे गेलात तर केए १.७१ येतो, एका राउंडिंगमध्ये तीन टक्के गेले. कॅल्क्युलेटरमध्ये सगळं राहू द्या, शेवटी एकदाच कापा.

मीटरबद्दल अजून एक. कॅलिब्रेट कशावर केलंत? पुष्कळ ठिकाणी ७.०० आणि १०.०१ चे बफर (पीएच आधीच ठाऊक असलेली सोल्युशन) टेबलावर असतात आणि पोरं त्यावरच मीटर लावून २.८८ मोजतात. मोजायचं रीडिंग दोन बफरच्या मध्ये पडलं पाहिजे. २.८८ साठी ७.०० आणि ४.०१ सुद्धा खरं तर पुरे नाही, खाली १.६८ चा बफर असेल तर उत्तम, नसेल तर निदान ४.०१ हवाच. आणि मीटर स्लोप दाखवत असेल तर तो बघा, पंचवीस डिग्रीला एका पीएच युनिटमागे ५९.१६ मिलिव्होल्ट ही आदर्श किंमत, त्याच्या पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली स्लोप गेला तर प्रोब म्हातारा झालाय असं समजा.

आता सी. याच्याकडे तर कोणाचंच लक्ष नसतं कारण तो बाटलीवर लिहिलेला असतो. एकदा एका विद्यार्थिनीने बेंझोइक ॲसिडचा केए काढून आणला, १.७ × १०^-५. पुस्तकात बेंझोइकचा ६.३ × १०^-५. तिने पीएच २.८९ मोजला होता, सी ०.१ धरला होता, एक्स व्यवस्थित वजा केला होता, गणितात काही म्हणजे काही चूक नव्हती. तिचं म्हणणं की बाटलीत ॲसेटिक भरलंय, कारण उत्तर बरोब्बर ॲसेटिकसारखं येतंय. मला पण दोन मिनिटं तेच वाटलं. मग तिला म्हटलं बीकर घेऊन ये. बीकर उजेडात धरला तर तळाशी पांढऱ्या बारीक चपट्या काड्या पसरलेल्या, काचेच्या दांड्याने हलवल्या की चमकत वर येत होत्या आणि परत बसत होत्या. बेंझोइक ॲसिड पंचवीस डिग्रीला लिटरमध्ये साडेतीन ग्रॅमच्या आसपासच विरघळतं, ०.१ मोलारसाठी बारा ग्रॅमच्या वर हवं. तिने गरम पाण्यात विरघळवलं होतं, मग थंड होता होता उरलेलं सगळं खाली बसलं. पाण्यात खरं सी होतं ०.०२८. तो टाकून केला, १.६६ × १०^-६ ÷ (०.०२८ − ०.००१२९), उत्तर ६.२ × १०^-५. मीटर बरोबर, गणित बरोबर, फक्त बाटलीवरचं लेबल खोटं. ते रीडिंग ॲसेटिकच्या इतकं जवळ आलं हा निव्वळ योगायोग, पण चांगला लक्षात राहिलाय.

ॲसेटिकमध्ये हा प्रश्न नाही, ते पाण्यात कितीही मिसळतं. पण तुम्ही शंभर पट पातळ केलंत ते कसं केलंत हे लिहिलेलं नाही. एक मिलिलिटर पिपेटने घेऊन शंभरच्या फ्लास्कमध्ये भरलं असेल तर ठीक, मेजरिंग सिलिंडरने केलं असेल तर सी मध्येच चार पाच टक्के गेले असतील. सीची चूक निदान केए मध्ये साधी तेवढीच उतरते, वर्ग होऊन नाही, हे एक बरं.

उत्तर चुकलंय हे पुस्तक न उघडता ओळखायचं असेल तर अल्फा बघत जा, मी आधी तोच बघते. एकाने ॲसेटिकचा केए ०.०७ आणला होता. म्हटलं अल्फा काढ. निघाला छप्पन्न टक्के. अर्ध्याहून जास्त ॲसिड तुटलं तर ते कसलं वीक? त्याने १० चा घात करायच्या ऐवजी कॅल्क्युलेटरवर ई चा घात दाबला होता, ई^-२.८८ म्हणजे ०.०५६. लॉग आणि एलएन शेजारी शेजारी असतात, बोट घसरतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मायनस विसरणं, मग एक्स सातशे साडेसातशे येतो आणि ते पण काही जण खाली मान घालून वर्ग करतात. अल्फा एकपेक्षा जास्त येऊ शकत नाही हो, टाकलं त्यापेक्षा जास्त कसं तुटेल.

आता हे सगळं कधी चालत नाही ते सांगते, कारण "कुठल्याही ॲसिडला हे चालेल का" असं पण तुम्ही शेवटी विचारलंय. नाही, ॲसिडवर अवलंबून आहे.

ॲसिड जरा तगडं असेल, जसं क्लोरोॲसेटिक, तर ०.१ मोलारलाच अकरा टक्के तुटतं. पीएच येतो १.९६, शॉर्टकटने केए १.२ × १०^-३ आणि वजा करून १.३५ × १०^-३. वजा केलं की काम भागतं. पण त्याच्याही पुढे, स्ट्राँग ॲसिडकडे गेलात की सूत्र तुम्हाला सरळ फसवतं. ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच मोजा, १.१० च्या आसपास येतो. सूत्रात घाला, एक्स ०.०७९, खाली ०.०२१, केए ०.३. झालं, हायड्रोक्लोरिक ॲसिड वीक आहे असा शोध लागला. हा शोध माझ्यासमोर तीन चार वेळा तरी लागलाय. झालंय काय तर मीटर एच+ ची संख्या मोजत नाही, त्यांची ॲक्टिव्हिटी मोजतो, म्हणजे ते किती मोकळेपणाने वागतायत ते. ०.१ मोलारला आयनांची इतकी गर्दी असते की ते ऐंशी टक्क्यांसारखेच वागतात, म्हणून १.०० च्या जागी १.१०. आणि खालची वजाबाकी दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची, तिथे जरा चूक झाली की उत्तर कुठल्या कुठे जातं. स्ट्राँग ॲसिडचा केए असा काढायचाच नसतो.

उलट्या टोकाला फिनॉलसारखी फारच वीक ॲसिडं, पीकेए (म्हणजे केएचा मायनस लॉग) १० च्या आसपास. तिथे पाणी स्वतःच जे एच+ सोडतं ते मोजण्यात मिसळतं. ०.०००१ मोलार फिनॉलचा पीएच कागदावर ६.८५ येतो, त्यात निम्मा वाटा पाण्याचा, म्हणून साध्या सूत्राने केए दुप्पट निघेल. एक्स × एक्स मधून १०^-१४ वजा करून मग भागलं तर कागदावर जमतं. पण प्रत्यक्षात नाहीच जमत, कारण उघडं ठेवलेलं डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून स्वतःच ५.६ च्या आसपास जाऊन बसतं. तिथे तुम्ही फिनॉल मोजत नसता, हवा मोजत असता. अशा ॲसिडला टायट्रेशन किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटरच बरा.

आणि एकाहून जास्त एच+ सोडणारी, फॉस्फोरिक, ऑक्झॅलिक, सायट्रिक. फॉस्फोरिकच्या पहिल्या आणि दुसऱ्या पीकेए मध्ये पाच युनिटचं अंतर आहे, २.१५ आणि ७.२०, म्हणून एका पीएचवरून पहिला केए चांगला निघतो. सायट्रिकचे ३.१३, ४.७६, ६.४० असे खेटून आहेत, तिथे पहिलासुद्धा अंदाजेच समजा. दुसरा तिसरा तर अशा एका रीडिंगवरून निघतच नाही.

आता तुमच्या जर्नलकडे. वेळ असेल तर अजून एक प्रयोग करा असं मी म्हणेन, अर्धं न्यूट्रलाइज करून. नुसत्या ॲसिडचा पीएच मोजताना एक कटकट असते, त्या सोल्युशनला बफरिंग फार कमी, प्रोबवर आधीच्या बफरचा एक थेंब राहिला तरी रीडिंग हलतं, आणि आकडा एका जागी थांबायला वेळ लावतो, विशेषतः तुमच्या ०.००१ मोलारला हे झालं असणार. त्याऐवजी पंचवीस मिलिलिटर ॲसिड घ्या, आधी फिनॉल्फ्थॅलिनवर टायट्रेट करून एन्ड पॉइंटला किती अल्कली लागते ते बघा, मग दुसरे पंचवीस मिलिलिटर घेऊन त्यात बरोबर त्याच्या निम्मी अल्कली घाला, इंडिकेटर न टाकता. आता निम्मं ॲसिड, निम्मं त्याचं सॉल्ट, दोन्ही सारखे, केएच्या सूत्रात वरचा ॲसिटेट आणि खालचं ॲसिड कटतात आणि पीएच म्हणजेच पीकेए. वर्ग गेला, त्यामुळे ०.०१ ची चूक आता पाच नाही, अडीच टक्क्यांचीच. सी किती होता हे माहीत असायचीही गरज नाही, नुसतं एन्ड पॉइंटचं माप बरोबर हवं. आणि रीडिंग खांबासारखं उभं राहतं.

पण एक बघा, यातही एक खोच आहे आणि ती न सांगता हा प्रयोग दिला तर तुम्ही परत प्रश्न घेऊन याल. ०.१ मोलार ॲसिड आणि ०.१ मोलार अल्कली घेऊन हे केलंत तर पीएच ॲसेटिकच्या पीकेएइतका, म्हणजे ४.७६, येणार नाही, ४.६८ च्या आसपास येईल, आणि त्यावरून केए निघेल २.१ × १०^-५. म्हणजे चांगल्या पद्धतीने उत्तर वाईट! इथे ती ॲक्टिव्हिटीच आडवी येते. सॉल्ट टाकल्यामुळे सोल्युशनमध्ये आयनांची गर्दी झाली आणि ॲसिटेट आपल्या संख्येपेक्षा थोडे कमी असल्यासारखे वागतात. नुसत्या ॲसिडच्या पद्धतीत हे का होत नाही? एक तर गर्दीच कमी, आणि दुसरं म्हणजे तिथे एच+ आणि ॲसिटेट संख्येने सारखे असतात आणि गर्दीचा परिणामही दोघांवर साधारण सारखाच होतो, तेव्हा मीटरने दाखवलेल्या ॲक्टिव्हिटीचा वर्ग केला की वर आपोआप दोघांच्या ॲक्टिव्हिटीचा गुणाकारच येतो. हे मला स्वतःला शिकवायला लागल्यावर तीन वर्षांनी कळलं, तोवर मी पण दोन्ही पद्धतींची उत्तरं जुळत नाहीत म्हणून ब्युरेटला दोष देत होते.

मग अर्ध्या न्यूट्रलायझेशनचं करायचं काय? दोन्ही सोल्युशन दहा पट पातळ घ्या, ०.०१ मोलार. गर्दी कमी झाली की फरक ०.०८ वरून ०.०३ पर्यंत उतरतो, पीएच ४.७३ च्या जवळ येतो, केए १.९ च्या आत. शिक्षकांनी आयनांच्या गर्दीचा हिशोब करणारं डेबाय-ह्युकेलचं समीकरण शिकवलं असेल तर त्याने उरलेलं पण दुरुस्त करता येतं, नसेल शिकवलं तर "आयनांमुळे रीडिंग थोडं खाली आलं" एवढं एक वाक्य लिहिलंत तरी मी तरी पूर्ण मार्क देईन.

हा प्रयोग करायला वेळ नसेल तर आहे तेच लिहा. दोन्ही रीडिंग, दोन्हींचा एक्स, दोन्हींचा अल्फा, १.३ टक्के आणि १२.६ टक्के, वजा करून आलेले दोन केए, आणि खाली उत्तर १.८ × १०^-५. शॉर्टकटचा १.५८ पण खोडू नका, शेजारी अल्फा लिहून राहू द्या, परीक्षकाने विचारलं की हा कमी का आला तर तोंडीत बोलायला तोच उपयोगी पडेल. आणि तुम्ही मीटर कशावर कॅलिब्रेट केला होतात ते मात्र खाली कळवा, ३.९० चं रीडिंग थोडं कमी आलंय, माझ्या हिशोबाने ३.९१ यायला हवं होतं, फरक एवढासाच आहे पण ७ आणि १० वर लावला असाल तर परत एकदा ४ वर लावून मोजून बघा.